जीपला ट्रॅक्टरसारखे दोन ब्रेक : मागच्या एकेका चाकाला वेगळा ब्रेक कसा बसवायचा

ट्रॅक्टर चालवलाय का कधी? रस्त्यानं नव्हे, रानात, मागं नांगर लावून, बांधापाशी वळवताना. चालवला असेल तर ह्यातलं निम्मं तुम्हाला आधीच येतंय. ट्रॅक्टरला उजव्या पायाखाली ब्रेकची दोन पेडलं असतात, एक डाव्या मागच्या चाकाचं आणि एक उजव्या, रस्त्याला लागलं की खिटी टाकून दोन्ही जोडायची आणि रानात उतरलं की खिटी काढायची. आमच्याकडं तासगाव बाजूला द्राक्षबागेत दोन ओळींत नऊ-दहा फूट जागा, टोकाला वळायलाही साधारण तेवढीच, तिथं मागं औषध फवारायचा ब्लोअर लावलेला छोटा ट्रॅक्टर आतल्या चाकाचा ब्रेक दाबल्याशिवाय वळतच नाही, सरळ जाऊन मांडवाच्या अँगलला धडकतो. पोरं बारावीला असतानाच हे शिकतात, कुणी शिकवत नाही.

माझ्याकडं जुनी महिंद्रा जीप आहे, चारी चाकांना ड्रम ब्रेक, फोर बाय फोर, मागं साधं ओपन डिफ (डिफरन्शियल, दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारी मागची गिअरपेटी). दोन पावसाळ्यांपूर्वी काळ्या रानात मागचं डावं चाक नुसतं गरगरत होतं आणि उजवं ढिम्म, आणि मी आपला रेस करतोय, चिखल उडतोय, तेवढ्यात आमचे अण्णा (चुलते) ट्रॅक्टर घेऊन ओढायला आले. साखळी लावता लावता म्हणाले, "आरं, ट्रॅक्टरला जमतंय ते तुझ्या जिपला का जमंना? फिरतंय त्या चाकाला धर की." मी म्हणालो, "अण्णा, जीपला एकच पेडल असतंय, कसं धरू सांगा." तर म्हणाले, "मग दुसरं बसीव." एवढंच. ते विसरले, माझ्या डोक्यात ते बसलं आणि पुढचे सहा महिने त्यातच गेले.

बाहेरच्या देशांत ह्याला कटिंग ब्रेक म्हणतात, टर्निंग ब्रेक म्हणतात, इंग्लंडात ट्रायल्सच्या गाड्यांना असतो त्याला फिडल ब्रेक म्हणतात. चीज एकच. हाताशी दोन दांडे, डावा ओढला की फक्त मागचं डावं चाक धरतं, उजवा ओढला की उजवं. पायातला ब्रेक आहे तसाच चारी चाकांना.

पुढं जायच्या आधी दोन गोष्टी, कटकट वाटेल पण वाचा. एक, हे फक्त रानातल्या, ट्रॅकवरच्या गाडीसाठी. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ गाडीत फेरफार करण्याबद्दलच आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ मध्ये मालकानं परवानगी नसलेला बदल केला तर बदलामागं ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही असं आहे. आणि ब्रेक म्हणजे काय स्टिकर नव्हे, उद्या कुणाला धक्का लागला तर इन्शुरन्सवाला पहिलं ब्रेकचंच विचारणार. माझी जीप आता एमएच १० ची पाटी लावून रस्त्यावर फिरत नाही, कुठं न्यायची असेल तर ट्रॉलीवर चढवून नेतो. दोन, एबीएस असलेल्या गाडीला हात लावू नका. २०२० नंतरची थार, जिमनी, ह्यांच्यात हेच काम कॉम्प्युटर करतो, चाकाचा सेन्सर बघतो, जे चाक फुकट फिरतंय त्याला तो स्वतःच ब्रेक लावतो. तिथं मध्ये आपला पाइप घुसवायचा म्हणजे चालत्या यंत्राचा खुळखुळा करणं.

हे चालतं कसं

डिफ दोन्ही चाकांना नेहमी सारखाच जोर देतं. लोकांना वाटतं की एक चाक चिखलात गेलं की सगळा जोर त्या चाकाला जातो, तसं नाही, फेरे त्या चाकाला जातात, जोर दोन्हीकडं सारखाच, आणि सारखाच म्हणजे जे चाक कमजोर त्याच्याइतकाच. समजा चिखलातलं डावं चाक फिरवायला २० किलोग्रॅम-मीटर (चाक पिळायच्या जोराचं माप) जोर पुरतो, तर उजव्या चाकाला पण २० च मिळणार, मग ते कोरड्या खडकावर का असेना. आता डाव्या चाकाला हातानं ब्रेक लावला आणि त्यानं ६० चा विरोध उभा केला. आता डावं फिरवायला ८० लागतात, म्हणजे उजव्यालाही ८० मिळाले. गाडी निघाली. त्यात डाव्या बाजूचं पेट्रोल-डिझेल सगळं ड्रम तापवण्यात गेलं हे खरं, पण अडकलेल्या माणसाला ते चालतं.

वळायचं काम वेगळं. क्राऊनचे (डिफमधल्या मोठ्या दातेरी चाकाचे) फेरे दोन्ही चाकांच्या फेऱ्यांच्या सरासरीइतके. क्राऊन मिनिटाला १०० फेरे घेतंय आणि आतलं चाक पूर्ण धरलं, म्हणजे शून्य, तर बाहेरचं २०० घेतं. बाहेरचं चाक दुप्पट धावतंय, आतलं खुंट्यासारखं उभं, गाडी त्या खुंट्याभोवती फिरते. वाळूत, नांगरटीत, सैल मुरमात हे झकास चालतं. डांबरावर करायचंच नाही.

ह्यावरूनच कळेल की मागं लॉकर (दोन्ही चाकं एकत्र जखडणारा) असेल, वेल्डिंग मारलेलं डिफ असेल तर ह्या भानगडीत पडण्यात अर्थ नाही, एक चाक धरलं की दोन्ही धरणार. ट्रॅक्टरला पण बघा, डिफ लॉकचं पेडल दाबून ठेवून एका बाजूचा ब्रेक मारला तर वळतो का? नाही वळत, सरळ जातो. सगळ्यात आधी तुमचं डिफ ओपन आहे का ते बघा. पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड, मागचं हौसिंग (डिफ आणि एक्सलचं कवच) जॅकनं उचलून दोन घोड्यांवर (लोखंडी स्टँडांवर), गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक सोडलेला. आता एक चाक हातानं फिरवा. दुसरं उलट्या दिशेनं फिरलं तर ओपन. दोन्ही जाम असतील किंवा लई जड फिरत असेल तर आत काहीतरी बसवलेलं आहे.

इथं एक गोष्ट जिवावर बेतणारी आहे म्हणून मध्येच सांगतो. जुन्या विलीज धाटणीच्या जीपना हँडब्रेक चाकाला नसतो, ट्रान्स्फर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरबॉक्सच्या) मागं शाफ्टला असतो. अशी गाडी हँडब्रेक ओढून मागचं एकच चाक जॅकवर घेतलं की हँडब्रेक गेला म्हणून समजा, कारण उचललेलं चाक उलटं फिरू शकतं आणि जमिनीवरचं सुलटं, आणि गाडी जॅकवरून चालू लागते. वरचंच गणित, फक्त आपल्या विरुद्ध. म्हणून दगड, आणि दगड म्हणजे विटकरीचा तुकडा नव्हे.

सगळ्यात स्वस्त रस्ता : दोन हँडब्रेक

ज्या गाड्यांचा हँडब्रेक केबलीनं मागच्या दोन ड्रमला जातो त्यांना ब्रेकच्या तेलाच्या पाइपाला हात न लावता काम होतं. खाली बघा, दोन केबली एका पट्टीला येऊन मिळतात आणि ती पट्टी एका दांड्यानं ओढली जाते. पट्टी काढायची, भंगारातून तसाच दुसरा हँडब्रेकचा दांडा आणायचा, दोन्ही शेजारी शेजारी बसवायचे, डाव्या दांड्याला डावी केबल, उजव्याला उजवी. दोघांच्या मध्ये मूठ मावेल एवढं अंतर ठेवा नाहीतर एक ओढताना दुसरा बोटाला लागतो. वापरताना अंगठ्यानं बटण दाबूनच ओढायचं, म्हणजे दात धरत नाहीत आणि सोडला की सुटतो. पार्किंगला बटण न दाबता दोन्ही ओढायचे, दोन्ही, एक नाही.

केबल गंजलेली असेल तर नवीनच घाला. चिखलात केबलीच्या आत पाणी जातं, ती परत येत नाही, आणि ब्रेक धरूनच राहतो. पहिल्यांदा करणाऱ्यानं हेच करावं असं माझं मत आहे, आठवड्याभरात आवडलं नाही तर परत पट्टी लावून मोकळं. माझ्या जीपचा हँडब्रेक शाफ्टवर, त्यामुळं मला हा रस्ता बंद होता आणि मी तेलावर चालणाऱ्या ब्रेकच्या नादाला लागलो.

मी आधी काय चुकलो

मला वाटलं दांडे-बिंडे कशाला, मागच्या पाइपाचे दोन फाटे करू आणि प्रत्येक फाट्यात एक बंद करायचा व्हॉल्व्ह टाकू. उजवं चाक धरायचं असेल तर डावा व्हॉल्व्ह बंद करून पाय दाबायचा. हायड्रॉलिकच्या दुकानातनं दोन व्हॉल्व्ह आणले, ड्रायव्हर सीटच्या शेजारी पत्र्यावर बसवले, दिसायला काय देखणं दिसत होतं राव. रानात गेलो आणि कळलं की पायातला ब्रेक पुढच्या दोन चाकांना पण जातो. म्हणजे पुढची दोन आणि मागचं एक अशी तीन चाकं धरली गेली आणि जीप वळायच्या ऐवजी जागेवर थांबली. हे कागदावर सुद्धा दिसलं असतं, पण कागद कोण घेतो.

त्याहून वाईट पुढं. वैतागून परत निघालो, उजवा व्हॉल्व्ह बंदच राहिला, शिवरस्त्यावर समोरून बैलगाडी आली म्हणून जोरात पाय मारला, मागचं उजवं धरलंच नाही, डावं घासलं, ढुंगण सरकलं आणि जीप डावीकडं उसात. ऊस पडला पाच-सहा सऱ्यांचा, माणसाला काय झालं नाही. ज्याचा ऊस होता तो चहा पाजून वर म्हणतोय, वैरण झाली बघ आयती. दुसऱ्या दिवशी व्हॉल्व्ह काढले. तसा व्हॉल्व्ह पाय दाबलेला असताना बंद केला तर तेलाचा दाब आतच अडकतो आणि ते चाक धरूनच राहतं, तो वेगळाच ताप. तेव्हा हे जुगाड नको, सरळ नकोच.

दांड्याच्या आत काय असतं

खरा कटिंग ब्रेक म्हणजे प्रत्येक दांड्याखाली एक छोटा मास्टर सिलिंडर (पिस्टननं तेल दाबून चाकाकडं पाठवणारी नळी, तसाच मोठा पायातल्या पेडलला असतो), तो मुख्य मास्टर आणि चाक ह्यांच्या मध्ये, एकामागं एक असा लागतो. दांडा मोकळा असताना तेल त्याच्यातून आरपार जातं, पायातल्या ब्रेकला तो आहे हे कळतही नाही. दांडा ओढला की पिस्टन थोडा सरकतो, त्याचा रबर कप आतलं बारीक भोक ओलांडतो, मागची वाट बंद, आणि पुढं जे तेल आहे ते फक्त त्या एका चाकाकडं दाबलं जातं. सोडला की भोक उघडं, दाब परत. खिटी टाकायची-काढायची भानगडच नाही, विसरायला काही शिल्लक नाही, व्हॉल्व्हपेक्षा हे म्हणूनच भारी.

अमेरिकेत जामार, सीएनसी असल्या कंपन्या हे तयार बनवतात, बग्गीवाले लोक तेच लावतात. काहींना दोन दांडे असतात, काहींना एकच दांडा, पुढं ढकलला की एक चाक आणि मागं ओढला की दुसरं. मला दोन दांड्याचा पटतो. घाईत डोकं चालत नाही, डावा हाताला लागला म्हणजे डावं चाक, संपलं.

आता आपल्याकडचा हुशार माणूस म्हणणार, गाडीच्या क्लचचे दोन मास्टर सिलिंडर घेतो आणि लेथवाल्याकडनं दांडे करतो. मी पण म्हणालो होतो. आमचे मिस्त्री म्हणाले, "दादा, ह्याच्या डोक्यावरची बाटली बघा." क्लच मास्टरला तेल येतं ते प्लास्टिकच्या नळीतून किंवा रबराच्या बुचातून, तिथं दाब शून्य असतो. आपण त्या तोंडाला मुख्य मास्टरचं तेल देणार, पाय जोरात मारला की ८० किलो प्रति चौरस सेंटीमीटरच्या पुढं सहज जाणारं. ते बूच गोळीसारखं उडणार आणि मागचा सगळा ब्रेक जाणार. शिवाय पिस्टनच्या मागचं सील त्या दाबासाठी बनवलेलंच नसतं. अजून एक, पाय मारला की तो दाब आपल्या छोट्या पिस्टनला मागं ढकलतो. १९ मिलिमीटरचा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) म्हणजे साधारण २.८५ चौरस सेंटीमीटर, गुणिले ८०, म्हणजे सव्वादोनशे किलो, आणि ते सगळं तोलणार कोण तर मागची एक छोटी सर्क्लिप (खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी). म्हणून आत येणारं तोंड आट्याचं पाहिजे, बॉडी धातूची पाहिजे, सर्क्लिप आणि सील त्याच कामासाठीचं पाहिजे. नसेल तर थांबा, पैसे जमवा, तयार घ्या. घरात बनवायची चीज ही नव्हे.

बोअर किती घ्यायचा ह्यावर लोक भांडतात. हिशोब सोपा आहे. हातानं २० किलो ओढलं, दांड्याची ताकद सहापट धरली, पिस्टनवर १२० किलो आले. बोअर पाऊण इंची असेल तर भागिले २.८५, साधारण ४२ किलोचा दाब. पाच अष्टमांश इंची असेल तर क्षेत्रफळ १.९८, दाब साठच्या आसपास. लहान बोअर म्हणजे कमी कष्टात जास्त दाब, पण तेल कमी सरकतं, २५ मिलिमीटरच्या स्ट्रोकला पाऊण इंची ७ सीसी देतो आणि लहान ५ सीसी. ड्रम नीट अॅडजस्ट असतील तर ५ सीसी भरपूर झाले. शू (ड्रमला आतून घासून चाक धरणारे) ड्रमपासून लांब असतील तर दोन्ही कमी पडतात. ज्यांना दांडा चालत नाही अशी तक्रार असते त्यांतल्या बऱ्याच जणांचे ड्रमच अॅडजस्ट नसतात.

काम

म्हणून सुरुवात ड्रमपासून. दोन्ही मागचे ड्रम उघडा, लायनर बघा, व्हील सिलिंडरची टोपी उचलून आत ओल आहे का बघा, असेल तर किट बदला किंवा सिलिंडरच बदला. एक्सलच्या सीलमधून डिफचं ऑइल ड्रममध्ये येत असेल तर आधी ते सील, नाहीतर त्या बाजूचा ब्रेक नावालाच. मग शू ड्रमला हलकेच घासेपर्यंत अॅडजस्ट करा आणि एखाद दोन दात मागं घ्या.

जीपचा मास्टर सिलिंडर एकच सर्किटचा असेल, म्हणजे एकच पाइप बाहेर पडून चारी चाकांना जात असेल, तर पुढं जाऊ नका, आधी पुढं-मागं वेगळं असणारा टँडम मास्टर बसवा. आपण मागच्या बाजूला सहा-सात नवीन जोड टाकणार आहोत, एक गळला तरी पुढचे ब्रेक शाबूत राहिले पाहिजेत.

पाइपाची वाट अशी. मूळ गाडीत मास्टरपासून एक पाइप मागं येतो, तिथून एक रबरी नळी हौसिंगवर उतरते, हौसिंगवर एक टी असते आणि टीपासून डावं-उजवं. आता ती हौसिंगवरची टी काढायची. मास्टरचा मागचा पाइप सरळ दांड्यांकडं आणायचा, मागं वजनानुसार दाब कमी करणारा व्हॉल्व्ह असेल तर तो दांड्यांच्या आधीच राहू द्या. दांड्यांतून दोन पाइप निघतील, ते चासीच्या कडेनं मागं, आणि एका ऐवजी दोन रबरी नळ्या, एक डाव्या बाजूनं हौसिंगवर, एक उजव्या. टॅग लावा. मी लावला नव्हता, डावा दांडा ओढला की उजवं चाक धरायचं, सगळं परत उघडलं.

पाइप ब्रेकचाच घ्या, ४.७५ मिलिमीटरचा स्टीलचा, किंवा तांबं-निकेल मिश्रणाचा मिळाला तर उत्तम, वळवायला सोपा. एसीवाल्याकडचा साधा तांब्याचा पाइप वाकवायला लई गोड लागतो पण थरथरीनं कडक होऊन चिरतो, तो नाही. टोकाला डबल फ्लेअर (टोक दुहेरी दुमडून पसरवणं) करायचा, सिंगल नाही. जुन्या जीपचे आटे इंची असतात आणि नवीन गाड्यांचे बरेचदा एम १० ला १ चे (मिलिमीटरचे), दोन्ही दिसायला भाऊ-भाऊ, दीड फेरा बसतात आणि मग अडकतात, तिथं पाना लावून जोर केला की गेला आटा. हातानं शेवटपर्यंत बसला तरच पाना लावायचा. ब्रेकच्या फ्लेअर जोडाला टेफ्लॉन टेप नाही, प्लंबरचं ऑलिव्ह नाही, एमसील तर अजिबात नाही, हसू नका, मी बघितलेलं आहे.

सायलेन्सरपासून लांब, फूट-फूट अंतरावर क्लिप, आणि प्रॉपेलर शाफ्टच्या वाटेत काही नको. रबरी नळीची लांबी सपाट जमिनीवर मोजायची नाही. एका बाजूचं चाक बांधावर चढवा, दुसरं चारीत सोडा, हौसिंग पूर्ण तिरकं झालं की बघा, नळी ताणली नाही पाहिजे आणि दुसऱ्या बाजूची टायरला किंवा पाट्याला घासली नाही पाहिजे. हे घोडीवर कळत नाही.

दांडे कुठं? आपली गाडी उजव्या हाताची, म्हणजे गिअर, फोर बाय फोरचा दांडा आणि हे दोघं, सगळे डाव्या हाताला. गिअरच्या मागं, सीटच्या बाजूला, बसल्या जागी कोपर थोडं वाकलेलं असताना मूठ पोचेल असं. मी कार्डबोर्ड कापून, सीटवर बसून, डोळे मिटून हात टाकून बघितला आणि तिथं खूण केली. फरशीचा पत्रा एकटा पुरत नाही, ओढलं की पत्राच वर येतो आणि ब्रेक राहतो बाजूला, खालून ५ मिलिमीटरची पट्टी टाकून एम १० चे चार बोल्ट, ८.८ ग्रेडचे.

एअर काढणं

इथं अर्धा दिवस जातो, मनाची तयारी ठेवा. तेल डॉट ३ किंवा डॉट ४, बाटली नवीन, सील फोडलेली नाही. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते ह्यात मिसळत नाही. काही धुवायचं असेल तर ब्रेक ऑइलनं किंवा स्पिरिटनं, पेट्रोल-डिझेलनं रबर फुगतं आणि मग भोक कायमचं बंद, चाक सुटतच नाही. रंगावर सांडलं तर लगेच पाणी.

आधी दांड्यांना हात लावायचा नाही, पायानंच काढायचं. मास्टरपासून लांबचं चाक आधी, आपल्या गाडीत ते मागचं डावं. एकानं पाय दाबून धरायचा, दुसऱ्यानं निप्पल (चाकामागचा एअर सोडायचा स्क्रू) अर्धा फेरा सोडायचा, तेल आलं की बंद, मग पाय सोडायचा. उलटं केलं, म्हणजे निप्पल उघडं असताना पाय सोडला, की एअर परत आत. चारी चाकं झाली की मग दांडे. डावा दांडा ओढा, डाव्या चाकाचं निप्पल सोडा, बंद, दांडा सावकाश सोडा, आठ-दहा वेळा. दांड्याचे सिलिंडर आडवे असतात, बुडबुडा वरच्या कोपऱ्यात चिकटून बसतो, तो पायानं निघत नाही. बोल्ट सैल करून आख्खा संच बाहेरच्या तोंडाकडून थोडा वर उचला आणि लाकडी हातोडीनं टकटक करा, मग येतो. माझा तीन वेळा काढून पण दांडा स्पंजासारखा होता, ह्या एका उचलण्यानं दगड झाला.

मग तपासणी. पाय पूर्ण ताकदीनं मिनिटभर दाबून ठेवा, पेडल खाली जात राहिलं तर कुठंतरी गळतंय. प्रत्येक जोडाला वर्तमानपत्राचा कोरडा तुकडा लावून बघा, डोळ्याला न दिसणारी ओल कागदाला दिसते. मग मागची दोन्ही चाकं उचलून प्रत्येक दांडा ओढा-सोडा, ओढा-सोडा, आणि सोडल्यावर चाक हातानं मोकळं फिरतंय ना ते बघा. फिरत नसेल तर दांडा पूर्ण मागं येत नाहीये, पुशरॉडला (पिस्टन ढकलणाऱ्या गजाला) एखादा मिलिमीटर मोकळीक पाहिजेच. आणि लक्षात ठेवा, दांडा ओढला की मागचा लाल दिवा लागत नाही, मागून येणाऱ्याला काही कळत नाही.

चालवणं

नांगरलेलं मोकळं रान घ्या, विहीर नसलेलं. लो रेंज (ट्रान्स्फर केसचा हळू, जास्त जोराचा गिअर), पहिला गिअर, माणसाच्या चालीनं. आधी टू व्हीलवर (गाडीत लो रेंजला टू व्हील होत नसेल तर हायचा पहिला). स्टेअरिंग पूर्ण डावीकडं, अॅक्सिलरेटर एकसारखा, आणि डावा दांडा हळूहळू, झटक्यानं नाही. एका क्षणी मागं वजन सरकल्यासारखं होतं आणि नाक गर्रकन आत येतं. स्टेअरिंग सरळ करायच्या आधी दांडा सोडायचा, नाहीतर गाडी जास्तच वळते. उजव्या हाताचा अंगठा स्टेअरिंगच्या आत घालू नका, खड्ड्यात चाक आपटलं की स्टेअरिंग उलटं फिरतं आणि अंगठा सोबत नेतं. फोर व्हीलवर पण चालतं, पण पुढची चाकं सरळ ओढत असतात त्यामुळं तितकं गर्रकन नाही.

अडकल्यावर वापरायचं तंत्र वेगळं. इथं अर्धाच दांडा. कुठलं चाक फिरतंय ते सीटवरून कळत नाही, आरशात बघा किंवा बाहेर माणूस उभा करा, तो हात वर करेल. फिरणाऱ्या बाजूचा दांडा ओढत जा, इंजिनचा आवाज जड व्हायला लागला की तिथंच धरा आणि थोडा अॅक्सिलरेटर वाढवा. लोक चुकून न फिरणारं चाक धरतात आणि मग म्हणतात काही फरक नाही. दोन्ही चाकं फिरत असतील तर दांड्याचा उपयोग शून्य, अण्णांना फोन.

आडव्या उतारावर जरा सांभाळून. डावं धरलं की नाक डावीकडं जातं, आणि डावीकडं दरी असेल तर दरीकडं. उताराच्या वरच्या बाजूचं चाक धरलं तर नाक वर येतं, पण वरचं चाक मुळात हलकं असतं, पकड कमी, त्यामुळं तिथं त्यावर भरवसा ठेवू नका. आणि वेग. १०-१५ च्या वर दांड्याला हात लावायचा नाही. जीप उंच आणि अरुंद, वेगात एक चाक धरलं की ती फिरत नाही, पलटी होते.

एकदा मजा कळली की माणूस दांडा धरूनच ठेवतो, ती सवय मोडा. पाच-सात सेकंद धरायचं, सोडायचं. ड्रम तापतो, तेल उकळतं, आणि उकळलेल्या तेलात वाफ झाली की पायातला ब्रेक पण खाली जातो. नवीन डॉट ४ तेल २३० अंशांपर्यंत तग धरतं, पण ते हवेतलं पाणी ओढत राहतं, आणि पाणी मुरलेल्या तेलाची हमी १५५ अंशांचीच. मी दर दिवाळीला, पावसाळा संपला की, सगळं तेल बदलतो. चिखलातनं आलं की ड्रम उघडून धुतो, आत वाळलेली काळी माती लायनरला सँडपेपरसारखी खाते.

दुसरा खर्च डिफच्या आतला. एक चाक थांबलं की आतले छोटे स्टार पिनियन जोरात फिरतात, एरवी ते फारसे फिरतच नाहीत, आणि त्यांच्या मागचे वॉशर झिजतात. माझ्या डिफच्या ड्रेन बोल्टला लोहचुंबक लावलेलं आहे. पहिल्या पाच-सहा वेळा रानात खेळल्यावर बोल्ट काढला तर करड्या रंगाची पेस्ट, बोटावर घेतली तर मऊ, ते चालतं. कण बोटाला टोचले तर हौसिंग उघडायचं. माझं अजून मऊच आहे, आणि अण्णा परवा जीप घेऊन बागेत गेले होते, आल्यावर म्हणाले दांडे बरे आहेत पण पायात पाहिजे होते.